हर्णैची ड्यूटी

हर्णैचा कॉल आला की वर्कशॉपमधले सगळे एकाच सुरात म्हणतात, "मजा आहे बुवा, समुद्रावर चाललात." चिंचवडच्या माणसाच्या डोक्यात समुद्र म्हणजे मुलांच्या परीक्षा संपल्यावर दोन गाड्या करून जायची जागा. माझ्या गाडीत मागच्या सीटवर टूलबॉक्स, चेनब्लॉक, टॉर्क रेंच, गास्केटचे सेट आणि कापडात गुंडाळलेला फ्युएल पंप असतो. हे सगळं त्यांच्याच हातांनी गाडीत चढवलेलं असतं. तरी म्हणतात.

मी डिझेल मेकॅनिक. कारखान्यांचे जनरेटर ही खरी रोजी. त्याच्या जोडीला आगीचे पंप, काँप्रेसर आणि वर्षाकाठी थोडी मासेमारी बोटींची इंजिनं. बोटीचं काम कुणी आपणहून मागून घेत नाही. इंजिनाच्या खोलीत सरळ उभं राहता येत नाही. तळाशी साचलेल्या पाण्यात डिझेल, ऑइल आणि माशांचं पाणी एकत्र हेलकावत असतं आणि त्या वासानं चांगल्या चांगल्यांच्या पोटातलं वर येतं. माझं गाव आष्टी तालुक्यातलं. आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. भोसरीत नोकरीला लागेपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. त्यामुळं साहेबांनी पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी हो म्हणून बसलो आणि ते काम माझ्या नावावर पडलं ते पडलंच.

चिंचवडचा आणि बंदराचा संबंध काय, असं नवीन पोरं विचारतात. संबंध जुना आहे. कोकणातल्या बोटींवर शिडाच्या जोडीला आणि मग शिडाच्या जागी इंजिन आलं, ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत. खडकीला किर्लोस्करांचा ऑइल इंजिनांचा कारखाना 1946 चा आणि चिंचवडला रस्टन अँड हॉर्न्सबीचा. रस्टनची इंजिनं मासेमारी बोटींत बसत. आता ती कंपनी त्या नावानं राहिली नाही, पण बंदरावरचा एखादा म्हातारा नाखवा रस्टनचं नाव अजून घरच्या बैलाचं घ्यावं तसं घेतो. पुढं ट्रकचीच इंजिनं, पाण्यासाठी फेरफार करून, गिअर लावून बोटीत बसवायची रीत आली. ती आजही आहे. घाटमाथ्यावर, समुद्र डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसांनी घासून-पुसून उभं केलेलं यंत्र शेवटी खाऱ्या पाण्यात जातं, ही गोष्ट मला अजूनही थोडी गंमतशीर वाटते.

खारं पाणी मात्र गंमत करत नाही. जमिनीवरच्या इंजिनाला रेडिएटर असतो, पंखा असतो, हवा असते. बोटीत हवा कुठली? इंजिनाच्या आतलं गोडं पाणी थंड करायला बाहेरचं खारं पाणी ओढून घ्यावं लागतं. ते ओढतो एक छोटा पंप, त्याच्या पोटात रबराच्या पाकळ्यांचा इंपेलर. पाणी येतंय तोवर त्या पाकळ्या ओल्या राहतात आणि टिकतात. बोटीच्या तळाच्या तोंडाशी प्लास्टिकची पिशवी चिकटली की पाणी बंद, पंप कोरडा, आणि बघता बघता पाकळ्या तुटून त्यांचे तुकडे पुढच्या नळ्यांत जाऊन बसतात. मग पाणी तापतं, हेडचं गास्केट जातं आणि अर्ध्या समुद्रातून दुसऱ्या बोटीनं ओढून आणावं लागतं. डिझेल जळालेलं, बर्फ वितळलेला, खलाशांचा दिवस गेलेला. कारण काय, तर पिशवी. मी कधीही हर्णैला गेलो तरी खिशात दोन इंपेलर टाकूनच जातो.

2019 च्या फेब्रुवारीतलं काम मोठं होतं. एका नाखव्यानं जुनं इंजिन काढून सहा सिलिंडरचं नवीन घेतलं होतं. त्या वर्षी माघी पौर्णिमा शिवजयंतीलाच, मंगळवारी आली होती, आणि चंद्र त्या वर्षातला पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा. नाखव्याला चंद्राच्या अंतराशी देणंघेणं नव्हतं, पण उधाण मोठं येणार हे त्याला ठाऊक होतं. लाकडी बोट खाडीकाठी वर ओढून ठेवलेली, तिच्या फळ्यांच्या फटींत नवा कापूस ठोकलेला. ती पाण्यात ढकलायची तर पाणी तिच्यापर्यंत यायला हवं. "मंगळवारी सव्वाअकराला," नाखवा फोनवर म्हणाला. मला वाटलं मुहूर्त काढलाय.

मुहूर्त नव्हता, हिशोब होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरावी तिथी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. कोकणात हे शेंबड्या पोरालाही येतं. मी मात्र कॅलेंडर घेऊन बसलो आणि पुढच्या पंधरवड्याच्या सगळ्या वेळा काढून पाहिल्या. आमच्याकडं पहिली शिफ्ट, दुसरी शिफ्ट, तिसरी शिफ्ट. घड्याळ हलत नाही, माणसं हलतात. इथं शिफ्टच रोज पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकते आणि माणसांनी तिच्यामागं जायचं. रात्री दोनला बोट लागली तर दोनला उतरवायची. त्यासाठी नाइट अलाउन्स कुणी देत नाही.

सोमवारीच निघालो. ताम्हिणी उतरून माणगाव, आंबेतला सावित्री ओलांडली, मंडणगडावरून दापोली. मंगळवारी बोटीला हार घातला, नारळ फोडला, गुलाल उडाला, आणि पाणी चढल्यावर पन्नासेक माणसांनी दोर आणि खांदे लावून ती ओंडक्यांवरून खाली नेली. इंजिन आदल्या दिवशीच चढवलेलं होतं, नुसतं बोल्टांवर टेकवून. मी पाने काढून लगेच आत उतरायला लागलो तर नाखव्यानं हात धरला.

"मेस्त्री, आज नाय. लाकूड पाणी पिऊं दे."

याचा अर्थ असा. इंजिनाचा गिअर आणि पंख्याचा शाफ्ट यांची तोंडं एकमेकांना समोरासमोर तंतोतंत लागावी लागतात. फटीत फीलर गेज घालून चारी बाजूंनी मोजायचं, आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास फरक निघाला की खाली पत्र्या सरकवायच्या. हे केलं नाही तर शाफ्ट थरथरतो, बेअरिंग खातो, पाणी आत घेतो. इथवर ते कारखान्यातल्यासारखंच. पण बोट जमिनीवर असताना हे जुळवून उपयोग नसतो. ओंडक्यांवर टेकलेली बोट एका अंगानं वाकलेली असते. पाण्यात गेली की सगळीकडून उचलली जाते आणि तिचा बाक बदलतो. लाकूड फुगतं, फटी मिटतात, तळ आपली खरी जागा घेतो. एक-दोन दिवस ती तरंगू द्यायची आणि मग मोजायचं.

चाकणला मी जनरेटर बसवतो तेव्हा आधी काँक्रीटचा पाया असतो, पाण्याच्या बुडबुड्याच्या लेव्हलनं तपासलेला. पाया हलत नाही, हे धरूनच आमचं सगळं शास्त्र. इथं पायाच तरंगतो. मोजमाप तेच, गेज तीच, सहनशक्ती मात्र वेगळी लागते. साहेबांना फोन करून सांगितलं की उद्या काम नाही, बोट भिजतेय. पलीकडं बराच वेळ कुणी बोललं नाही.

असा बुधवार मोकळा मिळाला. नाखव्याच्या पुतण्यानं त्याच्या मोटारसायकलवर मला सालदुऱ्याच्या किनाऱ्यावर सोडलं. हर्णै आणि मुरुड यांच्या मधला हा वाळूचा पट्टा. मुरुडला हॉटेलं आहेत, डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी आहेत, घोडागाड्या आहेत. महर्षी कर्वे लहानपणी त्या गावात वाढले, हे सांगणारेही भेटतात. सालदुऱ्याला यातलं काही नव्हतं. सकाळी ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. ओली वाळू इतकी कडक की बुटाचा ठसा जेमतेम उमटत होता. सुरूच्या झाडांखाली दोन होड्या उपड्या ठेवलेल्या. एक म्हातारी टोपलीत काही वेचत होती, आणि तिच्याखेरीज दृष्टीच्या टप्प्यात माणूस नव्हता.

रिकामा किनारा आमच्याकडच्या कामगाराला तसा नवा नाही. आमच्या पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. विजेचा भार एकाच दिवशी पडू नये म्हणून उद्योगांना वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. त्यामुळं भोसरी-चिंचवडचा कामगार कोकणात येतो तो बुधवारी रात्री निघून, आणि रविवारची गर्दी त्याच्या नशिबी येत नाही. याचा तोटा असा की बायको-मुलं बरोबर नसतात, कारण शाळा रविवारी बंद. आमच्यातल्या पुष्कळांनी समुद्र पाहिलाय तो मित्रांबरोबर, बाटलीबरोबर, आणि निम्मा झोपेत.

मी बूट काढून बसलो. सुरुवातीला बरं वाटलं. मग बेचैन व्हायला लागलं. कानांना सवयच नाही. जनरेटरच्या खोलीत मी आवाजावरून सांगतो की टॅपेट सैल आहे की नोझल गळतंय. घरी रस्त्याला लागून फ्लॅट, रात्रभर कंटेनर. ज्या दिवशी आवाज बंद होतो तो दिवस आमच्याकडं चांगला नसतो. प्रेस शॉपच्या बाहेरून जाताना जमीन थरथरली नाही की पायाला आधी कळतं आणि मग डोक्याला: ऑर्डर नाही. 2008 च्या शेवटाला असं झालं होतं. लाइन उभी, माणसं झाडू घेऊन स्वच्छ फरशी पुन्हा झाडतायत, सुपरवायझर कुणाच्या नजरेला नजर देत नाही. अशा शांततेत बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो, आतल्या आत हिशोब करत असतो.

म्हणून त्या रिकाम्या किनाऱ्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो धंद्याचा. या दोन होड्या आज इथं उपड्या का? सीझन चालू आहे, वारा नाही, उधाणाचे दिवस आहेत. म्हातारीला विचारलं. तिनं टोपली दाखवली. तिसऱ्या आणि थोडी कालवं. "मोठं मासं जवल येत नाय आता," एवढंच म्हणाली आणि पुन्हा वाकली.

जवळ का येत नाही याचं एक उत्तर माझ्याच धंद्यात आहे. रात्री बोटीवर मोठाले एलईडी दिवे लावायचे, ते पाण्यावर सोडायचे. उजेडाला आधी बारीक जीव येतात, त्यांच्यामागं छोटा मासा, त्याच्यामागं मोठा. सगळे जमले की भोवती जाळं फिरवून तळातून आवळायचं. 2016 च्या फेब्रुवारीत राज्यानं पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आणि 2017 च्या नोव्हेंबरात केंद्रानं दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कागदावर बंदी आहे. आणि एलईडीला वीज लागते, विजेला जनरेटर. बोटीवर जनरेटर बसवून द्याल का, अशी विचारणा किनाऱ्यावर मला झालेली आहे. बर्फाच्या मशिनसाठी, असं सांगतात. एवढ्याशा बोटीवर तेवढ्या केव्हीएचं बर्फाचं मशिन कुठलं? कारखान्याच्या गेटवर जनरेटर नेऊन ठेवताना तुम्ही याचं काय करणार, असं आम्ही कधी विचारत नाही. बंदरावर मी विचारायला शिकलो, आणि उत्तर पटलं नाही तर काम घेत नाही. माझ्या नकारानं समुद्रात एक मासाही वाढत नाही, हे मला माहीत आहे. दुसरा कुणीतरी बसवून देतोच.

दुपारी भरती आली तशी म्हातारी गेली. मी चालत हर्णैच्या रस्त्याला लागलो.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव पाहिला. रत्नागिरी जिल्ह्यात मिरकरवाड्याखालोखाल याच बंदराचं नाव घेतलं जातं. समोर सुवर्णदुर्ग, आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सनं घेतलेलं. त्याच्या आडोशाला बोटी नांगरलेल्या. मोठ्या बोटी काठाला लागत नाहीत. माल छोट्या होडीतून येतो आणि उथळ पाण्यात बैलगाड्या उभ्या असतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी. पाट्या गाडीवर चढतात, गाडी वाळूवर येते, वाळूवर ढीग पडतो, आणि पुढचं सगळं बायकांच्या हातात. पापलेट वेगळं, सुरमई वेगळी, कोलंबीचा आकारानुसार निवाडा, उरलेली मासळी कुट्टीला, म्हणजे भुकटीला. मी असेंब्ली लाइनचं सॉर्टिंग पाहिलेलं आहे. या बायका कॅमेऱ्याशिवाय आणि त्याहून वेगानं करतात. एकजण ढिगाशी उभी राहून भाव बोलत होती. व्यापारी नुसती भुवई हलवायचे आणि तिला ते कळायचं. इथल्या कलकलाटात माझे कान पहिल्यांदा निवांत झाले.

त्या दिवशी ढीग लहान होते. पुतण्या म्हणाला, "काका, अशान डिझेल पण सुटत नाय." डिझेलवरच्या कराचा परतावा संस्थेमार्फत येतो, पण तो येईल तेव्हा, पंपावर पैसे आज द्यायचे. फेरीतून डिझेल, बर्फ, रेशन वजा केलं की उरेल त्यात बोटीचा वाटा, नाखव्याचा वाटा, खलाशांचे वाटे. खलाशी आता बरेच नेपाळी. गावातली पोरं मुंबईला, नाहीतर आमच्याकडं.

गुरुवारी अलाइनमेंट घेतलं. जमिनीवर जिथं काही फरक नव्हता तिथं पाण्यात खालच्या बाजूला स्पष्ट फट निघाली. नाखवा वरून डोकावून बघत होता आणि काही बोलला नाही, ही त्याची सभ्यता. पत्र्या सरकवल्या, बोल्ट कसले, डिझेलच्या लाइनीतली हवा काढली, स्टार्टर मारला. सुवर्णदुर्गाला वळसा घालून आलो, पूर्ण लोडवर पाण्याचं तापमान टिकलं, शाफ्ट थरथरला नाही. मला मात्र ओकारी झाली. सर्व्हिस रिपोर्टवर कस्टमरच्या सहीबरोबर कामाची सुरुवात आणि शेवट यांच्या वेळा लागतात. नाखव्यानं सही केली आणि वेळेच्या रकान्यात लिहिलं, "भरतीला आले, ओहोटीला गेले." ऑफिसनं तो रिपोर्ट परत पाठवला.

निघताना पुतण्यानं खरी गोष्ट काढली. आयटीआय झालेलं होतं, डिझेल मेकॅनिकच. "चाकणला कुठं लागत असंल तर बघा ना काका." मी त्याला खरं ते सांगितलं. पर्मनंटचं विसर. ठेकेदाराकडून लागशील, सात महिन्यांनी ब्रेक देतील, खोलीत सहाजण राहाल, ओव्हरटाइम धरून हातात बरं पडेल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "महिन्याच्या महिन्याला येतात ना पैसे?" येतात, म्हटलं. त्यावर मला पुढं काही सांगता आलं नाही.

1 जूनला मासेमारीबंदी लागते, 31 जुलैपर्यंत. बोटी वर ओढल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात, माशांना अंडी घालायला दोन महिने मिळतात. बंदीच्या पहिल्याच आठवड्यात पुतण्या वल्लभनगरच्या स्टँडवर उतरला. महाळुंग्याला एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ठेकेदारानं त्याला लावला. पोरगं कामाला चांगलं. मशिनच्या आवाजावरून टूल झिजलंय हे ओळखायचं, ते बोटीवर शिकलेलं. खोलीवर मासे करून पोरांना खायला घालायचं आणि पिंपरीच्या बाजारातल्या बांगड्याला नावं ठेवायचं. "चार दिवसांचा आहे हा," म्हणायचं, डोळे बघून.

ते वर्ष गाड्यांच्या धंद्याला वाईट गेलं. गाड्या खपेनात, मोठ्या कंपन्यांनी ब्लॉक क्लोजर लावायला सुरुवात केली, आणि मोठी कंपनी तीन दिवस थांबली की तिला माल पुरवणारा छोटा कारखाना आठवडाभर थांबतो. जुलैच्या मध्यावर त्याला ठेकेदारानं सांगितलं, सोमवारपर्यंत येऊ नको. तो माझ्या घरी आला. जेवताना म्हणाला, "काका, इथं पण बंदी असते काय?"

मी त्याला ब्लॉक क्लोजर समजावून सांगितलं. पर्मनंट कामगारांचं यात ठरलेलं असतं, काही दिवस कंपनीच्या खात्यात, काही त्यांच्या शिल्लक रजेतून. ठेक्यावरच्या माणसाला काम नाही तर दाम नाही. कधी संपणार? सांगता येत नाही, गाड्या खपल्या की. तो म्हणाला, "मग माशांसारखा गाड्यांना पण वाढायला वेल देतात काय?" मी हसलो, माझी बायको हसली नाही. तिचा भाऊ त्याच सुमारास घरी बसलेला होता.

सोमवारी कारखाना चालू झाला, मग पुन्हा चार दिवस बंद. महिन्याच्या महिन्याला येणारे पैसे त्या महिन्यात अर्धेच आले. जुलै संपता संपता नाखव्याचा फोन आला की बोट उतरवायचीय, यंदा नारळी पौर्णिमा 15 ऑगस्टला आहे, त्याच्या आत एक फेरी मारून बघू, आणि दोन नेपाळी अजून परतले नाहीत. पुतण्यानं दोन दिवस विचार केला. मला विचारलं, मी सल्ला दिला नाही. काय देणार? ठेकेदाराला त्यानं आजारी आहे म्हणून कळवलं, म्हणजे दार पुरतं बंद व्हायला नको.

पाऊस लागलेला होता. वल्लभनगरला दापोलीची गाडी तासभर उशिरा लागली. मी त्याला खिडकीतून नाखव्यासाठी दोन इंपेलर आणि एक गास्केट सेट दिला. पैसे पुढच्या खेपेला घेईन म्हटलं. पावसाचं पाणी नद्यांनी आणून टाकलेलं असणार, पहिल्या फेरीला पिशव्या भरपूर. "तोंडाशी जाळी बसव म्हणावं काकाला," मी ओरडून सांगितलं. गाडी सुटत होती. त्यानं कानाला हात लावून ऐकू आलं नाही अशी खूण केली, म्हणून मग फोन करून पुन्हा सांगितलं, आणि भोकं किती मिलिमीटरची ठेवायची तेही सांगितलं.